नऊ फटी, सात फटी

जीपच्या तोंडावर किती उभ्या फटी असतात हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. आता माहीत आहे. युद्धातल्या जीपला नऊ, आणि युद्ध संपल्यावर लोकांसाठी काढली तिला सात. हे मी झोपेतसुद्धा बडबडतो, असं शर्मिलाचं म्हणणं आहे. शर्मिला माझी बायको, आणि तिचं म्हणणं खोडून काढण्याइतकी ताकद या प्रकरणानंतर माझ्यात उरलेली नाही.

प्रकरण तसं साधं होतं. कसालहून धामापूरच्या अंगाला जाताना डावीकडे एक लाल घाटी वर चढते, तिच्या माथ्यावर आमची वाडी. घाटी अशी की मोठी गाडी खालूनच मागे फिरते. या घाटीवर पस्तीस वर्षं एकच वाहन वर-खाली करत होतं, नुरुद्दीनची हिरवी जीप. नऊ माणसांच्या जागेत सतरा बसत आणि दोघे मागच्या फळीवर लोंबकळत. बाजाराला, दवाखान्याला, मुली बघायला आणि एकदा ठरलेलं लग्न मोडायलाही आम्ही तिनेच गेलो. यंदा नुरुद्दीनने ती पासिंगला नेली, तेव्हा तिथल्या साहेबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि सांगितलं, आता पुरे. तीस मेला ती भंगारात जायची होती.

वाडीने ठरवलं की पंचवीस तारखेला नुरुद्दीनचा आणि जीपचा सत्कार करायचा. सभेतला पहिला दीड तास जीपला हार कुठे घालायचा, आरशाला की बॉनेटला, यात गेला. मग कोणीतरी म्हणालं, एक मोठं पोस्टर हवं. जगातल्या पहिल्या जीपपासून नुरुद्दीनच्या जीपपर्यंत, सगळा प्रवास. आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हायस्कुलात एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. चित्रकलेचा शिक्षक म्हणजे ज्याचा तास गणिताचे सर मागून घेतात तो. अशा माणसाकडे पन्नास जण एकदम आदराने बघतात तेव्हा त्याने खरं तर सावध व्हायला हवं. मी मान डोलावली.

सभा पांगल्यावर नुरुद्दीन माझ्याजवळ आला. एरवी हा माणूस घाटीच्या प्रत्येक वळणावर मोठ्याने बोलतो, पण त्या दिवशी त्याचा आवाज खाली होता.

"मास्तरानू, एक मागणा आसा. ती गेली की माझ्याकडे तिचा काय्येक रवाचा नाय. फोटो आसत, पण त्येंच्यात सगळी माणसाच. गाडी मागे खंय तरी. म्हणान सांगतंय, तुमी माका ती आसा तशी काढून द्या. नवी करू नकात."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "नुरुद्दीन, चित्रातून हॉर्न ऐकू येईल तुला." माणसाने असं बोलू नये. आमची मुलगी रिया पुण्याला असते, तिलाही हे कळलं. ती फोनवर म्हणाली, "बाबा, बाकी काहीही करा, पण चाचांची जीप सगळ्यात मोठी काढा." मी म्हटलं, सगळ्यात मोठी. हेही बोलू नये.

दुसऱ्या दिवशी दुपारभर मी नुरुद्दीनच्या अंगणात स्टुलावर बसून जीप समोर ठेवून काढली. चेपलेला मडगार्ड, दोरीने बांधलेलं दार, सगळं. घरी येऊन कागद पडवीत वाळत ठेवला, आणि गणपत आला.

गणपत आमचा शेजारी. लष्करात बावीस वर्षं ड्रायव्हर होता. तो सकाळी चहाला येतो आणि दुपारी, सकाळचा चहा बरा झाला होता हे सांगायला येतो. मी आधी युद्धातली जीप काढून ठेवली होती, ती त्याने हातात घेतली.

"मास्तरानू, ही खंयच्या युद्धातली? दोन फटी खंय गेल्यो?"

तेव्हा मला नऊ आणि सातचं प्रकरण कळलं. मी खोडून नऊ केल्या. मग त्याने चाकांचे नट मोजले. मी चार काढले होते, पाच हवे होते. "चार नटार चाक रवात," तो म्हणाला, "पण आमच्या घाटयेर?" चित्रातली जीप अमेरिकेत उभी होती, घाटीवर नव्हती, पण मी पाचवा नट काढला. मग त्याची नजर नुरुद्दीनच्या जीपवर गेली.

"हिका सा फटी? सात होयो."

"अरे, समोर बसून काढली आहे."

"उन्हात बसान काढलास मगे. कंपनी सात देता."

मी चित्रकला शिकवताना मुलांना एकच गोष्ट घसा कोरडा होईस्तोवर सांगत असे, की दिसतं ते काढा, माहीत असतं ते काढू नका. आणि त्या दिवशी मी चष्मा पुसला, दुपारचं ऊन आठवलं, आणि गणपतच्या समोर त्या जीपला सात फटी केल्या. उठून नुरुद्दीनच्या अंगणापर्यंत जाऊन मोजायला दहा मिनिटं लागली असती. मी कंटाळलो होतो, आणि अजून तर कशालाच सुरुवात झाली नव्हती.

सुरुवात झाली ती बाबू गावकार आल्यावर. आमच्या गावात कुठलीही गोष्ट मानाने होते. पालखीला पहिला खांदा कोणाचा, होळीला पहिला नारळ कोणाचा, दुसरा कोणाचा, हे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ठरलेलं आहे आणि ते बदलायची कोणाची छाती नाही. पहिला मान गावकाराचा. बाबूने माझं कच्चं रेखाटन दोन्ही हातांनी धरलं आणि डावीकडच्या पहिल्या जीपवर बोट ठेवलं.

"ही पयली कोणाची?"

"अमेरिकेची. एकेचाळीस सालची."

"म्हणजे गावची नाय."

"नाही."

"मगे पयलो मान तिका कसो?"

मी त्याला क्रम समजावला. आधी काय झालं, मग काय झालं, उत्क्रांती कशाला म्हणतात. बाबूने शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या आजोबांनी पासष्ट साली एक जीप आणली होती. ती अजून त्यांच्या फणसाखाली उभी आहे, आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात. "उत्क्रांती काय ती करा तुमी," बाबू उठता उठता म्हणाला, "पण गावकाराच्या फुड्यात करू नकात."

प्रश्न देवळात गेला. गुरवाने कौल लावला. आमच्याकडे पाषाणावर फुलांचे ओले कळे चिकटवतात. उजवीकडचा पडला तर देवाचा होकार, डावीकडचा पडला तर नकार. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, हो मास्तर जीपगाडयेचा चित्र काढता हा. परक्या मुलखातली गाडी मानाच्या फुडे लावची काय नाय, ह्येची तेका शंका इली हा. ती दूर कर रे म्हाराजा!" आणि सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" मला शंका अजिबात आली नव्हती, पण देवासमोर वाद घालणं बरं दिसत नाही. पाऊण तास एकही कळा हलला नाही. गाभाऱ्यात वारा नव्हता, माझा सदरा पाठीला चिकटला, आणि मला राहून राहून वाटत होतं की देवालाही या भानगडीत पडायचं नसावं. मग डावा पडला.

गुरव मात्र शहाणा माणूस. तो म्हणाला, परकी गाडी ही पाहुणी आहे, पाहुण्याला पहिला मान नसला तरी पाट द्यावा लागतो. म्हणून युद्धातली जीप, तिच्या नऊ फटी आणि पाच नट यांच्यासकट, वरच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढी झाली. गणपत दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तेवढे दोन दिवस बरे गेले.

एकदा मानाने लावायचं म्हटलं की मधेच थांबता येत नाही. दुसरा मान होता त्या घरात पाच वर्षांपूर्वी घेतलेली पांढरीशुभ्र मोठी गाडी होती. तिसऱ्या मानाकडे काजू वाहायचा टेम्पो. चौथा मान सत्यवतीकाकींच्या घराचा, आणि त्यांच्याकडे जन्मात कधी मोटार नव्हती. मी आशेने त्यांच्याकडे गेलो, की चला, एक जागा वाचली. काकी सुपात तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रस्तो नाय थंय जाता ती गाडी होई मा तुमका? माझो गाडो रस्तो नाय होतो तेवापासून जाता." मी घरी येऊन बैलगाडी काढायला घेतली.

तर आता आमच्या जीपच्या प्रवासात डावीकडून पहिली पासष्ट सालची जीप, मग नवीकोरी आलिशान गाडी, मग टेम्पो, आणि मग बैलगाडी. शाळकरी पोराने हे क्रमाने वाचलं असतं तर माणूस जीपपासून सुरू झाला, मधे श्रीमंत झाला आणि शेवटी बैलाकडे आला, असं त्याला वाटलं असतं. ते अगदीच चूक आहे असं म्हणायचा उत्साह माझ्यात राहिला नव्हता.

परवानगीचंही सांगून टाकतो. पोस्टर शाळेच्या पटांगणात लावायचं, म्हणून ग्रामपंचायतीत अर्ज. आमच्या ग्रामसेविका पूजा मॅडम सरळ बाई आहेत, पण त्यांच्याकडे जो नमुना होता त्यात एक रकाना होता: फलकावरील वाहनांची कागदपत्रे.

"मॅडम, ही चित्रं आहेत."

"हो सर, पण रकाना मोकळा ठेवता येत नाही."

"यातली एक जीप महायुद्धातली आहे."

"ती सध्या ज्यांच्या ताब्यात असेल त्यांच्याकडून प्रत घ्या ना."

चार खेपा झाल्या. एकदा मॅडम बैठकीला गेल्या होत्या, एकदा शिक्का, आणि एकदा दोन्ही. शेवटी मी स्वयंघोषणापत्र लिहून दिलं: 'सदर चित्रांतील वाहने चालणार नाहीत, व चालल्यास त्यास मी सर्वस्वी जबाबदार राहीन.' मॅडमनी ते वाचलं आणि समाधानाने सही केली. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी इतक्या गंभीर कागदावर सही केली नव्हती.

आता फ्लेक्स. कसालच्या बाजारात स्वप्नाचं छपाईचं दुकान आहे. वाढदिवस, निवडणूक, श्रद्धांजली, सगळं तिच्याकडे. मी माझी जलरंगातली चित्रं टेबलावर मांडली. ती बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "सर, हे हाताने काढलंत?" डॉक्टर रिपोर्ट बघून विचारतात त्या सुरात. मग तिने सगळ्यांचे फोटो घेतले, संगणकावर चढवले आणि मांडणीला बसली. मी शेजारी खुर्ची ओढून बसलो.

तीन दिवस बसलो. कारण दर अर्ध्या तासाला वाडीवरून फोन येत होता. टेम्पोवर मालकाच्या आईचं नाव हवं. बैलांची शिंगं रंगवा. गावकाराच्या जीपवरच्या कोंबड्या काढून टाका. नको, एक राहू दे. पाचवा मान म्हणतो आमचा ट्रॅक्टर. सहावा म्हणतो पाचव्याचा ट्रॅक्टर भाड्याचा होता. एक गाडी आली की दुसरी सरकायची, दुसरी सरकली की तिच्या मालकाचं नाव कापलं जायचं.

"सर," दुसऱ्या दिवशी स्वप्ना म्हणाली, "ही तुमची हिरवी जीप जरा बाहेर ठेवते. मोठी आहे, सारखी मधे येते. बाकीचं बसलं की आत घेऊ."

पडद्यावर पोस्टरची चौकट होती आणि चौकटीबाहेर राखाडी मोकळी जागा. तिथे तिने नुरुद्दीनची जीप नेऊन ठेवली. मला बरंच वाटलं. आत नुसती रेटारेटी चालली होती, आणि ती बिचारी बाहेर ऐसपैस, सगळ्यात मोठी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी तिच्याकडे बघून मनात म्हटलं, थांब जरा.

चोवीस तारखेला दुपारी पोस्टरचा नमुना मोबाईलवर आला. वाडीच्या ग्रुपवर टाकला. बाबूने आपली जीप पहिली आहे हे बघितलं. सत्यवतीकाकींना शिंगं दाखवली. गणपतने मोबाईल नाकाला लावून पाहुणीच्या नऊ फटी मोजल्या आणि हात वर करून परवानगी दिली. मी सगळ्यांची नावं, काने, मात्रे, मानाचा क्रम, ग्रामपंचायतीचा जावक क्रमांक, एकूण एक तपासलं आणि स्वप्नाला लिहिलं, छापा.

पंचवीस तारखेला पटांगणात माणूस मावत नव्हता. जीप धुऊन उभी केली होती. हार शेवटी आरशाला आणि बॉनेटला, दोन्हीकडे घातला होता. बाबूने पोस्टरवरचा पडदा ओढला, टाळ्या झाल्या, आणि जो तो बोट लांब करून आपापली गाडी शोधायला लागला. मीसुद्धा फटी मोजत होतो. मोजून झाल्या, बरोबर भरल्या, आणि मग माझी नजर नुरुद्दीनवर गेली.

अंगावर शाल, हातात नारळ. तो पोस्टर डावीकडून उजवीकडे बघत गेला. मग उजवीकडून डावीकडे. शाळेत निकालाचा कागद भिंतीवर लागला की एखादा मुलगा असा बघायचा, आपलं नाव नाही हे कळल्यावर परत वरून वाचायला सुरुवात करायचा. शेवटी आत घेऊ, असं ठरलं होतं. घेतलीच नव्हती. अकरा गाड्या होत्या, एक बैलगाडी होती, एक कोंबडी होती, आणि जिच्यासाठी हे सगळं केलं ती जीप चौकटीच्या बाहेरच राहिली होती. मला तेव्हा माझी लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

आणि गंमत म्हणजे कोणाच्याच लक्षात आलं नाही. जो तो आपली गाडी बघून मोकळा झाला होता. नुरुद्दीनला दोन शब्द बोलायला सांगितले. तो माईकवर म्हणाला, "सगळ्यांच्यो गाडयो बऱ्यो दिसतत," आणि खाली बसला. मग त्याने सतरा माणसं जीपमध्ये घातली आणि घाटी चढवली. मला त्याने हाक मारली, मी चालत येतो म्हटलं. घरी शर्मिला एकच वाक्य बोलली, "गावभरच्या फटी मोजल्यात तुम्ही." मग रियाचा फोन आला. तो मी शर्मिलाला घ्यायला लावला.

सकाळी मी नुरुद्दीनकडे गेलो. वाटेत मी पुष्कळ तयारी केली होती. संगणक, स्वप्ना, फोन, मान, वेळ पडलीच तर कौल. तो अंगणात जीपवर आमचाच फ्लेक्स पांघरत होता. शाल-नारळाबरोबर फ्लेक्सही त्यालाच मानाने दिला होता. छापलेली बाजू आत आणि पाठीची पांढरी बाजू बाहेर. त्याच्या बायकोने, नूरबानोने, मला बघून न विचारता चहा आणला. चहा चांगला होता, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

"नुरुद्दीन, चूक माझी झाली," मी म्हटलं. तयारीतलं एकही वाक्य तोंडातून आलं नाही.

"व्हय," तो म्हणाला. "माका वाईट वाटला." दोरीची गाठ मारून झाल्यावर तो माझ्याशेजारी पायरीवर बसला. "मगे म्हटलंय, फ्लेक्सार माणूस चडता कदी? एकतर वाडदिवसाक, नायतर श्रद्धांजलीक. हिचो वाडदिवस नाय. अजून चार दिस ती माझ्या दारात आसा. नाय चडली ता बराच झाला."

"आणि चित्रं आतल्या बाजूला कशाला?"

"तिका सोबत."

मी चहा संपवला आणि घरी गेलो. माळ्यावरून ऑइलपेंटचे डबे काढले, शाळेतले जाड ब्रश काढले, मोबाईल शर्मिलाकडे दिला आणि परत आलो. आम्ही दोघांनी फ्लेक्स उतरवून भिंतीवर ताणला, पांढरी बाजू पुढे. मी जीपसमोर स्टूल टाकलं आणि काढायला बसलो. आठपासून दोनपर्यंत. कोणाला विचारलं नाही. चेपलेला मडगार्ड, दोरीचं दार, गंजाचा पट्टा, आणि तोंडावर दिसल्या तेवढ्या फटी. दिसत होत्या सहा. मी सहा काढल्या.

गणपत दोनला आलाच. कमरेवर हात ठेवून त्याने मोजल्या.

"मास्तरानू, परत ताच? सा?"

माझा ब्रश हवेत थांबला. खरं सांगतो, सवयीने तो काळ्या रंगाकडे वळलाही होता. तेवढ्यात नुरुद्दीन पायरीवरून म्हणाला, "साच आसत. होत्यो सात. मधली पट्टी मोडली, म्हणान दोनांची एक झाली."

"कदी मोडली?"

"ब्याण्णव सालात. घाटयेर रेडो आडवो इलो. रेड्याक काय्येक जावक नाय. पण थांबूक येळ खंय होतो? मागे शर्मिलावयनी होत्यो. कळा येय होत्यो तेंका." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमी माझ्याच बाजूक बसलेलास, मास्तरानू. डोळे मिटान."

मालवणला पोचल्यावर वीस मिनिटांत रिया झाली होती. बत्तीस वर्षं मी ती रुंद फट रोज बघत होतो. तिच्यासमोर उभा राहून जीपची वाट बघितली, तिच्यावर हात ठेवून गप्पा मारल्या. आणि कोणी सात म्हटलं म्हणून ती बुजवून टाकली होती. मी ब्रश खाली ठेवला. मग गणपतने चाकाकडे बोट दाखवलं.

"नट मात्र पाच होये."

"पाचच काढलेत."

"मगे बरा," तो म्हणाला, आणि दुसऱ्या पायरीवर बसला.

तीस तारखेला जीप गेली. नुरुद्दीन घाटीच्या खालपर्यंत स्वतः चालवत गेला आणि वर चालत आला. फ्लेक्स आता त्याच्या पडवीत भिंतीला लावलेला आहे. बाहेरच्या बाजूला ती एकटी, आहे तशी, सहा फटींची. आतल्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, गावचे सगळे मानकरी मानाच्या क्रमाने उभे आहेत. बाबू गावकार अधूनमधून येतो, कड उचलून आत डोकावतो, आपली पहिलीच आहे याची खात्री करतो आणि चहा पिऊन जातो.